नवरा सहा वर्षांत गेला, बायको वीस वर्षांनीही ठणठणीत: एचआयव्हीचा वेग माणसागणिक वेगळा का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एचआयव्ही समुपदेशक म्हणून टेबलाच्या या बाजूला बसले की एक प्रश्न फिरून फिरून समोर येतो. "ताई, त्यांना असं झालं, मग मला का नाही?" कधी तो उलटा येतो: "आम्ही दोघं मित्र एकाच महिन्यात पॉझिटिव्ह निघालो. त्याचा काउंट अजून सातशे आहे, माझा दीडशेवर आला. मी काय चुकलो?" (काउंट म्हणजे रक्तातल्या सीडीफोर पेशींची संख्या; या पेशी प्रतिकारशक्तीचा कणा असतात.) विचारणाऱ्याच्या मनात भीती असते, बरेचदा अपराधीपण असतं, आणि घरच्यांनी टोचून बोललेलं काहीतरी असतं. म्हणून इथे काही उत्तरं लांब आहेत, काही दोन ओळींची. ज्या प्रश्नाने लोकांचं आयुष्य नासलेलं मी पाहिलंय, तिथे मी जास्त थांबले आहे.

लागण झाल्यापासून एड्स होईपर्यंत किती वर्षं जातात?

औषध घेतलंच नाही तर सरासरी आठ ते दहा वर्षं. पण ही सरासरी आहे, तुमचा आकडा नाही. काही जणांची प्रतिकारशक्ती दोन-तीन वर्षांतच कोसळते. शंभरातल्या पाचेक जणांना दहा वर्षं उलटून गेली तरी औषधाविना विशेष काही होत नाही. बाकीचे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

एचआयव्ही हा विषाणू आहे. त्याने प्रतिकारशक्ती पोखरून पोखरून सीडीफोर पेशी २०० च्या खाली नेल्या, किंवा न्यूमोनिया, मेंदूज्वर असे ठरावीक गंभीर आजार जडले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे एड्स नव्हे.

वयाचा परिणाम स्पष्ट दिसतो. युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या १३ हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून २००० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही माहिती आजची प्रभावी औषधं येण्याआधीच्या काळातली होती. १५ ते २४ या वयात लागण झालेल्यांना एड्सपर्यंत पोहोचायला साधारण ११ वर्षं लागली होती, तर ४५ ते ५४ या वयात लागण झालेल्यांना ७.७ वर्षं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे नव्या टी-पेशी तयार होतात; सीडीफोर हा त्यांचाच एक प्रकार. वयाबरोबर ती आक्रसत जाते, आणि मग गेलेल्या पेशींची भरपाई हळू होते.

काहीच त्रास नसतो त्या मधल्या वर्षांत शरीरात काय चालू असतं?

बाहेरून शांतता आणि आत अखंड झुंज. एकेकाळी डॉक्टरही समजायचे की या काळात विषाणू झोपलेला असतो. १९९५-९६ च्या सुमाराला झालेल्या मोजमापांनी ही समजूत पुसली. औषध न घेणाऱ्याच्या शरीरात दिवसाला साधारण एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. शरीर त्यांतले बहुतेक मारतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच.

पहिला घाव आतड्यावर बसतो. आपल्या सीडीफोर पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो, आणि लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्याचा बराचसा भाग नष्ट होतो. अस्तर झिरपू लागतं, आतड्यातल्या जिवाणूंचे अंश रक्तात येतात. त्यांना पाहून प्रतिकारशक्ती सतत भडकलेली राहते. सतत भडकलेली प्रतिकारशक्ती म्हणजे सतत जागलेल्या पेशी, आणि एचआयव्हीला नेमक्या अशाच जागलेल्या पेशी हव्या असतात. चुलीत जाळ वाढला की लाकूड लवकर संपतं, तसं हे आहे. कुणाच्या आत हा जाळ किती मोठा आहे, यावर वेगाचा बराच भाग ठरतो.

आफ्रिकेतल्या सूटी मँगाबी नावाच्या माकडांमुळे हे फार छान समजलं. एचआयव्हीचा भाऊबंद शोभेल असा विषाणू त्यांच्या रक्तात आयुष्यभर भरपूर असतो, पण त्यांना एड्स होत नाही. सुरुवातीचा भडका ती माकडं काही आठवड्यांत विझवतात.

सीडीफोर बघायचा की व्हायरल लोड?

जॉन कॉफिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने आगगाडीची एक उपमा दिली आहे. मी ती रोज वापरते. समोर पूल तुटलेला आहे आणि गाडी त्या दिशेने चालली आहे. सीडीफोर सांगतो की पूल किती लांब आहे. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, सांगतो की गाडीचा वेग किती आहे.

लागण झाल्यावर पहिल्या महिन्यात विषाणू रक्तात प्रचंड वाढतो. अनेकांना तेव्हा फ्लूसारखा ताप, घसादुखी, पुरळ येतं आणि जातं. मग शरीर त्याला थोडं मागे रेटतं आणि काही महिन्यांत व्हायरल लोड एका पातळीवर स्थिरावतो. ही पातळी कुणाची हजाराच्या आत असते, कुणाची लाखाच्या वर. औषध नसेल तर पुढची वाटचाल किती वेगाने होईल, याचा सगळ्यात चांगला अंदाज याच पातळीवरून येतो, हे १९९६ साली अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांच्या दीर्घ अभ्यासातून सिद्ध झालं. पुढचे सगळे प्रश्न खरं तर एकच गोष्ट विचारतात: ही पातळी कुणाची खाली आणि कुणाची वर का?

माझे मिस्टर सहा वर्षांत गेले. मला अजून काही नाही. सासरचे म्हणतात, हिच्यामुळेच झालं, हिला आधीपासून होतं आणि हिच्या अंगात मुरलंय. हे खरं असू शकतं का?

हा हिशेब चुकीचा आहे. इतका चुकीचा, की तो कुणी मांडताना दिसला तर त्याला तिथेच थांबवा.

ऊसपट्ट्यातल्या एका गावातली बाई माझ्यासमोर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत एआरटीचं, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराचं, हिरवं पुस्तक, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. नवरा २००३ मध्ये गेला. त्याच वेळी हिची तपासणी झाली, पॉझिटिव्ह आली, पण काउंट चांगला होता म्हणून गोळ्या लागल्या नाहीत. मग वर्षामागून वर्षं गेली आणि हिला साधा ताप आला नाही. घरात कुजबुज सुरू झाली. नणंद एक दिवस तोंडावर म्हणाली, "वहिनी, आमचा भाऊ खंगून मेला आणि तुम्हाला साधा खोकला नाही. म्हणजे विष तुमचंच." जमिनीच्या वाटणीच्या वेळी हेच वाक्य पुन्हा आलं. त्याहून वाईट म्हणजे, एका तपासणीच्या ठिकाणी कुणीतरी तिला सांगितलं होतं, "तुमचा आजार जुना दिसतो." ते वाक्य तिने बारा वर्षं उराशी धरून ठेवलं होतं.

जो आधी आजारी पडला त्याला नंतर लागण झाली, किंवा जो टिकला त्याला आधी झाली, यांतलं काहीच तब्येतीवरून सांगता येत नाही. आपण वर पाहिलं की औषधाविना कुणाला तीन वर्षं पुरतात आणि कुणाला पंधराही पुरत नाहीत. वेगच ठाऊक नसताना नुसतं गाडी कुठे पोहोचली हे बघून ती किती वाजता सुटली, हे कसं सांगणार? नेहमीची तपासणी रक्तात एचआयव्हीविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं आहेत की नाहीत एवढंच सांगते. तारीख सांगत नाही. सीडीफोरचा आकडाही तारीख सांगत नाही.

तिच्या नवऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. सरकारने मोफत एआरटी सुरू केली १ एप्रिल २००४ ला. तो त्याच्या आदल्या वर्षी गेला. त्याला टीबी झाला होता, वय चाळिशीपुढचं होतं, औषध परवडण्यातलं नव्हतं. ती तेव्हा सव्वीस वर्षांची. वय, टीबी, औषध आणि दोघांची वेगवेगळी जनुकं, एवढ्या गोष्टी दोघांमध्ये निराळ्या होत्या. कोणी कोणाला दिलं, याचं उत्तर त्यांतून निघत नाही, आणि ते शोधण्याची गरजही नाही.

हे सगळं मी तिला कागदावर रेघा काढून समजावलं. तिने तो कागद मागून घेतला, घडी घातली आणि त्याच हिरव्या पुस्तकात ठेवला.

मग वेग जनुकांवर अवलंबून असतो का?

बऱ्याच अंशी हो, पण पूर्ण नाही. व्हायरल लोडच्या त्या स्थिर पातळीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे पाव हिस्सा माणसाच्या जनुकांमुळे असतो, असा युरोपीय लोकांवरच्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. साधारण एक तृतीयांश विषाणूच्या स्वतःच्या घडणीमुळे असतो. उरलेलं वय, इतर आजार, योगायोग अशा गोष्टींच्या वाट्याला जातं.

माणसाच्या जनुकांत सगळ्यात वजनदार आहेत ती एचएलए जनुकं. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे बाहेरच्या बाजूला मांडून ठेवते, जसा दुकानदार मालाचा नमुना बाहेर फळीवर ठेवतो. ती फळी म्हणजे एचएलए. गस्तीवरच्या मारक टी-पेशी येतात, नमुना बघतात आणि विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी नष्ट करतात. आता फळीचा आकार प्रत्येकाचा वेगळा. ज्यांच्याकडे एचएलए-बी ५७ किंवा बी २७ आहे, त्यांच्या फळीवर विषाणूच्या अशा भागाचा तुकडा बसतो, जो विषाणूला सहजासहजी बदलता येत नाही. तो भाग विषाणूच्या कवचाच्या मूळ सांगाड्यातला असतो. बदलला तर विषाणू निसटतो खरा, पण लंगडा होतो. त्यामुळे या लोकांत रोग हळू जातो. उलट बी ३५ च्या काही प्रकारांत तो जलद जातो. २०१० साली विषाणूला औषधाविना काबूत ठेवणाऱ्या सुमारे हजार लोकांची जनुकं इतर हजारो बाधितांच्या जनुकांशी ताडून पाहिली गेली. निर्णायक फरक सगळे सहाव्या गुणसूत्रावरच्या याच भागात सापडले.

दुसरं प्रसिद्ध जनुक सीसीआर५. पेशीत शिरताना एचआयव्ही बहुधा याच कडीला हात घालतो. काहींच्या या जनुकातली ३२ अक्षरं गळालेली असतात. आई आणि वडील दोघांकडून असं जनुक आलं तर कडीच नसते, आणि नेहमीच्या एचआयव्हीची लागण जवळजवळ होत नाही. एकाकडूनच आलं तर लागण होते, पण रोग सरासरी दोनेक वर्षं उशिरा वाढतो. बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राऊन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी २००७ मध्ये अशाच कडी नसलेल्या दात्याच्या मूळ पेशी दिल्या आणि ते एचआयव्हीतून पूर्ण बरे झालेले पहिले माणूस ठरले. पण हा बदल मुख्यतः उत्तर युरोपातल्या लोकांत आढळतो. आपल्याकडे तो अगदी क्वचित आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर आपण राहू शकत नाही.

मग मी माझी जनुकं तपासून घेऊ का?

वेग जाणून घेण्यासाठी अजिबात नको. पैसे जातील आणि उपचारात काही बदल होणार नाही. एकच अपवाद: डॉक्टर अबाकावीर हे औषध देणार असतील तर एचएलए-बी ५७०१ तपासायला सांगू शकतात, कारण हे जनुक असलेल्यांना त्या औषधाची जीवघेणी अॅलर्जी होऊ शकते. रोग हळू नेणाऱ्या बी ५७ च्या घराण्यातलंच हे जनुक. शरीराच्या गोष्टी अशा गुंतलेल्या असतात.

विषाणूही कमजोर किंवा जोरदार असतो का?

असतो, आणि याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सिडनीचं आहे. तिथल्या एका रक्तदात्याला १९८०-८१ च्या सुमाराला लागण झाली होती. तेव्हा एचआयव्हीची तपासणीच नव्हती. त्याने पुढची काही वर्षं नियमित रक्तदान केलं आणि त्याच्या रक्तातून आठ जणांना लागण झाली. वर्षं गेली तरी दाता आणि रक्त घेणारे, कुणालाच एड्स होईना. नऊ वेगवेगळी माणसं, नऊ वेगवेगळी जनुकं, विषाणू मात्र एकच. १९९५ साली कोडं उलगडलं. त्या विषाणूच्या नेफ नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला होता. पण ही गोष्ट इथे संपवली तर अर्धवट राहील. १९९९ पर्यंत दाता आणि रक्त घेणाऱ्यांपैकी काहींच्या सीडीफोर पेशी घसरायला लागल्या होत्या. लंगडा विषाणूसुद्धा पुढे सरकतच होता.

दुसऱ्या टोकाला नेदरलँड्स. तिथे १०९ लोकांत एक जोरदार प्रकार सापडला, तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा व्हायरल लोड इतरांपेक्षा साडेतीन ते साडेपाच पट होता आणि सीडीफोर दुप्पट वेगाने घसरत होता. गोळ्या सुरू केल्यावर मात्र ते इतरांइतकेच बरे झाले. हे वाक्य मी लोकांना दोनदा वाचायला सांगते.

भारतात जवळपास सगळीकडे एचआयव्ही-१ चा 'सी' हा उपप्रकार आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातही तोच आहे. युगांडामध्ये 'ए' आणि 'डी' शेजारी शेजारी आढळतात, आणि तिथे 'डी' ची लागण झालेल्यांचा आजार जास्त वेगाने वाढताना दिसला.

आणि मग एचआयव्ही-२. हा मुळात पश्चिम आफ्रिकेतला, पण १९९१ पासून मुंबईतही त्याची नोंद आहे. तो बराच संथ असतो, पुष्कळांना आयुष्यभर एड्सपर्यंत नेत नाही. रिपोर्टवर एचआयव्ही-२ लिहिलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा. एफाविरेन्झ, नेव्हिरापीन या जुन्या गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत.

"एलिट कंट्रोलर" म्हणजे काय? मी तसा असेन तर गोळ्या कशाला घेऊ?

औषध न घेताही ज्यांच्या रक्तात विषाणू मोजता येत नाही, ते एलिट कंट्रोलर. शंभरात एकापेक्षाही कमी. कॅलिफोर्नियाच्या लॉरीन विलेनबर्ग यांना १९९२ मध्ये लागण झाल्याचं कळलं. २०२० मध्ये त्यांच्या दीड अब्ज पेशी तपासल्या गेल्या, आणि वाढू शकेल असा एकही अखंड विषाणू त्यांत सापडला नाही. इतर काही एलिट कंट्रोलरमध्ये विषाणूची जनुकं पेशीच्या गुणसूत्रांतल्या अशा ओसाड भागात अडकून पडलेली दिसली, जिथून ती कामाला लागणं कठीण असतं. लस आणि कायमचा इलाज शोधणाऱ्यांचं या लोकांकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष असतं.

पण "मी तसा असेन" या भरवशावर गोळ्या टाळणारे ज्यांना मी भेटले, त्यांतला एकही तसा निघाला नाही. त्यांचा काउंट फक्त अजून पडायचा होता. शिवाय खऱ्या एलिट कंट्रोलरच्या शरीरातही तो आतला जाळ पूर्ण विझलेला नसतो, आणि काहींचा ताबा वर्षांनंतर सुटतो. २०१७ पासून आपल्या देशाचं धोरण सरळ आहे: सीडीफोर कितीही असो, पॉझिटिव्ह असलेल्या प्रत्येकाला गोळ्या.

बायकांमध्ये आजार हळू वाढतो का?

नाही. दिसतो तसा, पण नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथल्या एका अभ्यासात लागणीनंतरचा व्हायरल लोड बायकांमध्ये सुमारे १५ हजार आणि पुरुषांमध्ये सुमारे ५१ हजार आढळला. तरी एड्सकडे जाण्याचा वेग दोघांचा सारखाच होता. म्हणजे बाईचा लोड कमी आला म्हणून तिला "तुला घाई नाही" असं सांगणं चूक.

आणि लहान मुलं?

इथे वेळ काढायला जागाच नाही. आईकडून लागण झालेल्या बाळाला उपचार मिळाले नाहीत तर निम्मी बाळं दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावतात. बाळाची प्रतिकारशक्ती अजून विषाणू ओळखायला शिकलेली नसते, त्यामुळे व्हायरल लोड वर जातो आणि बराच काळ खाली येतच नाही. दक्षिण आफ्रिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाळ आजारी पडण्याची वाट न पाहता लगेच औषध सुरू केल्याने मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले.

म्हणून बाळ दीड महिन्याचं झालं की टाचेतून रक्ताचे ठिपके घेऊन होणारी तपासणी चुकवू नका. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे मोठ्यांची साधी तपासणी त्या वयात फसवते.

आणि तरीही काही मुलं जन्मापासून बाधित असून औषधाविना दहा-बारा वर्षांची होईपर्यंत चांगली राहतात. त्यांच्यापैकी काहींच्या शरीराची रीत त्या मँगाबी माकडांसारखी असते: विषाणू भरपूर, पण भडका कमी. पण कुठलं मूल असं असेल, हे आधी सांगता येत नाही.

टीबीमुळे एचआयव्ही वाढतो की एचआयव्हीमुळे टीबी?

दोन्ही. महाराष्ट्रात वेग वाढवणाऱ्या कारणांची यादी केली तर मी टीबी सगळ्यात वर लिहीन. टीबीचे जंतू आपल्यापैकी कितीतरी जणांच्या छातीत निजलेले असतात. एचआयव्ही नसलेल्या माणसात ते जागे होण्याची शक्यता अख्ख्या आयुष्यात ५ ते १० टक्के. उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधितात तेवढीच शक्यता दर वर्षाला. आणि टीबी जागा झाला की प्रतिकारशक्ती भडकते, व्हायरल लोड चढतो, सीडीफोर पडतो.

म्हणून एआरटी केंद्रात दर वेळी खोकला, ताप, वजन कमी होणं आणि रात्रीचा घाम विचारतात. कंटाळून "नाही, नाही" म्हणू नका. टीबी नसेल तर तो टाळायच्या गोळ्या मिळतात, त्या घ्या. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्राविर ही एचआयव्हीची गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते, म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही आजार सांगा.

खाणंपिणं, टेन्शन, दारू, काढे यांनी फरक पडतो का?

थोडा पडतो. टांझानियात १,०७८ बाधित गरोदर बायकांवर झालेल्या चाचणीत जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी आजाराची चाल काही प्रमाणात मंदावली, पण त्या बायकांना तेव्हा एआरटी मिळत नव्हती. पोटभर भाकरी, डाळ, अंडं, शेंगदाणे, पालेभाजी, हे कुणालाही चांगलंच. पण विषाणू थांबवायचं काम ते करत नाही.

दारूचं मुख्य नुकसान असं की रात्रीची गोळी राहते. तंबाखू हृदय आणि फुप्फुस खाते, आणि एचआयव्हीमध्ये ती दोन्ही आधीच धोक्यात असतात.

काढ्याच्या बाटलीसाठी गोळ्या बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांतली काही पुन्हा दिसली नाहीत. काही घ्यायचंच असेल तर आधी केंद्रात दाखवा. लोह, कॅल्शियम किंवा अॅसिडिटीचं पातळ औषध डोलुटेग्राविरबरोबर एका वेळी घेऊ नका; गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या.

गोळ्या सुरू केल्यावर हा वेगातला फरक उरतो का?

फार थोडा. जनुकं कुठलीही असोत, विषाणू सी असो नाहीतर तो नेदरलँड्समधला जोरदार, गोळी नियमित असेल तर व्हायरल लोड बहुतेकांचा काही महिन्यांत मोजता न येण्याइतका खाली जातो. गाडीचा वेग शून्यावर येतो. २०१५ मध्ये ३५ देशांतल्या ४,६८५ लोकांवरची एक चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवली, कारण काउंट चांगला असतानाच औषध सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी आढळले. काउंट पडण्याची वाट बघणं बरोबर नव्हतं, हे तेव्हा पक्कं झालं.

आणखी एक निकाल आपल्या जवळचा आहे. एक जोडीदार बाधित आणि एक नाही, अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत चाचणी झाली. पुण्यातली जोडपीही तिच्यात होती. लवकर गोळ्या सुरू केल्या तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये तिथून कळलं. आता तर आपण ठामपणे सांगतो: रक्तात विषाणू मोजता येत नसेल आणि तो तसाच दबलेला राहिला असेल, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही.

फरक उरतो तो सीडीफोर परत चढण्यात. कुणाचे वर्षभरात दीडशे वाढतात, कुणाचे पन्नास. ज्यांनी अगदी खालून सुरुवात केली किंवा ज्यांचं वय जास्त आहे, त्यांचे हळू चढतात. लोड दबलेला आहे आणि सीडीफोर मात्र हळू चढतोय, म्हणून गोळी लागू पडत नाही असं समजू नका.

दोन वर्षं सगळं छान आहे. मधे थोडे दिवस गोळ्या बंद ठेवल्या तर?

नको. २००६ मध्ये ५,४७२ लोकांवर नेमकं हेच तपासलं होतं: काउंट चांगला असेल तेव्हा औषध थांबवायचं, पडला की पुन्हा सुरू करायचं. थांबवणाऱ्यांमध्ये गंभीर संधिसाधू (कमजोर प्रतिकारशक्तीचा फायदा घेणारे) आजार किंवा मृत्यूचा धोका २.६ पट निघाला. विषाणू काही जुन्या पेशींत वर्षानुवर्षं दडून बसतो. गोळी थांबली की साधारण दोन-चार आठवड्यांत तो पुन्हा रक्तात येतो. मधूनमधून गोळी चुकली तर तो औषधाला सरावतो, आणि मग लाइन, म्हणजे औषधांचा संच, बदलावी लागते.

माझ्याकडे येणारा एक ट्रकड्रायव्हर गोळ्यांची डबी गाडीच्या देवासमोर, उदबत्तीच्या घराजवळ ठेवतो. रात्री गाडी लावली की आधी उदबत्ती, मग गोळी. दहा वर्षांत त्याची एकही चुकलेली नाही.

माझा काउंट ८० आलाय. म्हणजे माझा आजार वेगाचा आहे आणि आता उशीर झालाय, असंच ना?

दोन्ही नाही. ८० या आकड्यावरून वेग कळत नाही. कदाचित लागण फार जुनी असेल आणि तपासणी आत्ता झाली असेल. आपल्याकडे उशिरा तपासणी होणारे फार आहेत.

आणि उशीर म्हणाल तर मी तीसवरून सातशेवर गेलेली माणसं पाहिली आहेत. पण पहिले काही महिने जपायचे असतात. टीबीची तपासणी होईल. मेंदूज्वर करणाऱ्या बुरशीसाठी रक्ताची एक खास तपासणी होते, ती झाली का हे विचारा. रोज घ्यायची कोट्रायमोक्साझोलची गोळी मिळेल, ती न्यूमोनिया टाळते, ती सोडू नका. एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताप आला, गाठ सुजली, डोकं सतत दुखू लागलं, तर घरी वाट बघू नका आणि गोळ्याही बंद करू नका. सरळ केंद्रात या. प्रतिकारशक्ती जागी होताना आत लपलेला आजार असा वर येतो, आणि वेळेत आलात तर त्यावर इलाज असतो.

येताना घरचं एक माणूस आणा, जमलं तर. नाही जमलं तर एकटे या. काही ठरावीक अपवाद सोडले तर तुमचा रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय कुणाला सांगता येत नाही, २०१७ चा कायदा तुमच्या बाजूने आहे. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ वर फोन लावा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पिशवीत जुने सगळे रिपोर्ट टाका, आधी कधी टीबीचं औषध घेतलं असेल तर त्याची चिठ्ठीही. सकाळी लवकर निघा, म्हणजे रक्त त्याच दिवशी जाईल.